लेकीकडे कोरियात : पहिला बर्फ आणि पहिली खरी थंडी

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आता चिपळूणला परत येऊन पंधरा दिवस झाले, पंखा लावून बसलेय आणि वाटलं आत्ता नाही लिहिलं तर सगळं विरून जाईल. लेक-जावई कोरियात सुवॉनला असतात, सोलच्या दक्षिणेला, ट्रेनने तासाभरावर. त्यांच्याकडे २०२४ च्या २५ नोव्हेंबरला पोचले ते फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहिले. आयुष्याची साठ वर्षं कोकणात काढलेली बाई मी. थंडी म्हणजे पौषात पहाटे शाल घ्यायची तेवढीच, आणि बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीतला नाहीतर गोळेवाल्याच्या किसणीवरचा.

लेक म्हणाली होती आई बर्फ बघायला डिसेंबर उजाडेल, एवढ्यात नाही पडत. आणि तिसऱ्याच दिवशी, २७ तारखेला पहाटे मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज नसल्यामुळे. हे नीट कसं सांगू. आमच्याकडे पाऊस आधी कानाला कळतो, लांब डोंगराकडून घोंघावत येतो, मग झाडांवर, मग कौलांवर, मग पन्हळीतून धो धो, डोळे मिटून पडलेलं माणूससुद्धा सांगेल की सर आहे की झड लागलीय. इथे काहीच नाही. खालच्या रस्त्यावर रोज पहाटे बस जाते तिचा आवाज नाही, पक्षी नाही, मला खरंच वाटलं विमानात कान दडे बसले ते अजून सुटले नाहीत. पडद्याच्या फटीतून उजेड येत होता तोही वेगळाच, खालून वर आल्यासारखा. पडदा सारला आणि तशीच उभी राहिले. एवढं मोठं आभाळ खाली येत होतं आणि त्याचा एवढासुद्धा आवाज नव्हता. लेकीला उठवायचं सुद्धा भान राहिलं नाही, पाच-सात मिनिटांनी तीच उठून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली, दोघी काही बोललो नाही.

झाडांची पानं अजून गळली नव्हती हे त्यात विशेष. समोर गिंकोची झाडं पिवळीधमक, मेपल लालभडक आणि त्याच्यावर हा पांढरा भार. दिवसभर पडत राहिला, रात्रीही पडला. आणि रात्री मग आवाज आला, कडाड करून, फांदी मोडल्याचा. मग दुसरी. आम्ही २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात झाडं मोडताना ऐकलीत त्यामुळे तो आवाज मला लग्गेच कळला, पण वाऱ्याचा टिपूस नसताना झाड मोडतं हे पहिल्यांदा पाहिलं. सकाळी सुवॉनमध्ये ४० सेंटिमीटरच्या वर बर्फ होता, तिथे १९६४ पासून नोंदी आहेत त्यात एवढा कधी झाला नव्हता म्हणे. सोलमध्येही नोव्हेंबरातला एवढा बर्फ १९०७ साली नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

बाकीचं जेवण करून लिहिते, अजून थंडी आणि उबदार जमीन राहिलीय.

पिठलंभात

काकू काय लिहिलंय! आवाज नसल्यामुळे जाग आली हे वाचून काटा आला अंगावर. लवकर लिहा पुढचं.

हाननदी

मी सोलमध्ये नऊ वर्षं आहे. काकू, तुमचं वाचून माझा पहिला बर्फ आठवला, पण २७ नोव्हेंबरबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण तो दिवस इथे अनेकांना फार जड गेला. तो नेहमीचा कोरडा भुरभुरीत बर्फ नव्हता. पीत समुद्राचं पाणी त्या वेळी नेहमीपेक्षा गरम होतं, त्याच्यावरून वायव्येची एकदम थंड हवा आली, ती वाटेत बाष्प उचलत आली आणि जमिनीजवळ तापमान शून्याच्या आसपास, त्यामुळे बर्फ ओला आणि वजनदार पडला. इथे ओल्या बर्फाला वेगळा शब्दच आहे, सुपसॉल. झाडांवर पानं होती म्हणून भार धरला गेला आणि फांद्या तुटल्या. सोलभोवतीच्या ग्योंगी प्रांतात शेतकऱ्यांच्या प्लास्टिकच्या शेडा आडव्या झाल्या, छपरं बसली, माणसंही गेली. ते सुंदर होतं हे खरंच आहे, मीही फोटो काढले, पण संध्याकाळी बातम्या बघून मन खट्टू झालं होतं.

वाशिष्ठीकाठ

हाननदी, बरोबर आहे तुमचं आणि बरं झालं सांगितलंत. आम्ही चिपळूणकर, २२ जुलै २०२१ चा पूर घरात घेतलेली माणसं, लांबून बघणाऱ्याला पाणी कसं दिसतं आणि ज्याच्या घरात शिरतं त्याला कसं दिसतं हे आम्हाला कळायलाच हवं. त्या दिवशी मी नुसती खिडकीत होते. दुसऱ्या दिवशी खाली उतरले तर आमच्या शेजारच्या इमारतीतली हालमोनी (आजी) फावडं घेऊन रस्ता मोकळा करत होती, वय ऐंशीच्या पुढचं नक्की. तिथे आपल्या घरासमोरचा, दुकानासमोरचा बर्फ आपण काढायचा अशी रीतच आहे, आणि गावोगाव तसा नियमही केलाय. मी हातवारे करून फावडं मागितलं तर तिने काही दिलं नाही, उलट खिशातून एक गरम पुडी काढून माझ्या हातात कोंबली. तो हॉटपॅक. आत लोखंडाची पूड असते, पाकीट फोडून हलवलं की हवेशी मिळून ती गंजायला लागते आणि त्याचीच ऊब दहाएक तास राहते. पुढे अडीच महिने माझ्या कोटाच्या दोन्ही खिशात दोन असायचेच.

आता थंडीचं. मला वाटायचं बर्फ पडतो तेव्हा थंडी. उलटं आहे हो. बर्फ पडतो त्या दिवशी ढग असतात आणि हवा जरा मऊ असते, शून्याच्या आसपास. आणि ज्या दिवशी आभाळ असं निळंशार, ऊन लखलखीत, खिडकीतून बघून वाटावं वा काय सुंदर दिवस आहे, त्या दिवशी बाहेर पडलं की गालफडात कुणीतरी मारल्यासारखं. जानेवारीत संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात पारा उणे १० च्या खाली गेला होता. नाकातले केस गोठतात हे मी कधी ऐकलंच नव्हतं, श्वास घेतला की आत काहीतरी ताठ होतं. चष्म्याचं तर बघायलाच नको, बसमध्ये चढलं की पांढरा पडदा. मोबाईल बाहेर काढला की चाळीस टक्क्यावरून एकदम बंद, घरी आणून ऊब मिळाली की परत चालू. आणि कोरडेपणा! आमच्याकडे कपडे वाळत नाहीत म्हणून रडायचं, तिथे मी रात्री मुद्दाम ओले टॉवेल खोलीत वाळत घालत होते हवेला ओल यावी म्हणून, नाहीतर सकाळी घसा कोरडा आणि नाकातून रक्त. दाराच्या कडीला हात लावला की चटका, लेकीच्या हाताला हात लावला तरी चटका. ओठांना साजूक तूप लावलं शेवटी, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

गोठलेला_मिनेसोटा

काकू, लेख छान पण उणे १० ला थंडी म्हणता होय! आमच्याकडे उणे ३० ला मुलं शाळेत जातात. बर्फाचं कौतुक पहिल्या वर्षी असतं, मग नुसतं गाडीवरून खरवडणं उरतं.

हाननदी

मिनेसोटा, आकडे तुमचे मोठे आहेत यात वाद नाही. पण अक्षांश बघा. सोल साडेसदतीस अंशावर आहे, म्हणजे अथेन्सच्या जवळपास त्याच रेषेवर, आणि जानेवारीची सरासरी शून्याच्या खाली. सैबेरियावर हिवाळ्यात थंड जड हवेचा डोंगर साचतो आणि तिथून वारा थेट आमच्या अंगावर सुटतो, तो वारा मोजला की उणे १० चं अंगाला उणे १७-१८ लागतं. इथली जुनी माणसं सामहानसाओन म्हणतात, तीन दिवस थंड चार दिवस ऊबदार, ती थंड हवा लाटेलाटेने येते म्हणून. हल्ली तेवढं घड्याळ लावल्यासारखं येत नाही, पण म्हण टिकलीय. आणि इथे माणसं गाडीत बसून नाही, पायी फिरतात, मेट्रोपर्यंत, बाजारापर्यंत, त्यामुळे थंडी भेटतेच.

द्राक्षमळा

आम्ही नाशिककर जानेवारीत ५-६ डिग्रीला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, तेव्हा उणे १० म्हणजे काय हे मनाने पण धरता येत नाही. काकू ती उबदार जमीन काय म्हणत होतात? फरशीखाली हीटर असतो का?

वाशिष्ठीकाठ

हां, ऑन्डोल. त्याच्याबद्दल तर मी दिवसभर बोलेन.

आता फ्लॅटमध्ये फरशीखालून गरम पाण्याचे पाईप फिरवलेले असतात, गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि भिंतीवर एक छोटी कळपट्टी, त्याच्यावर तापमान लावायचं. पण मुळातली पद्धत जुनी आहे, लेकीने मला एका जुन्या घरात नेऊन दाखवली. स्वैपाकघराची चूल खोलीच्या जमिनीपेक्षा खाली, चुलीचा धूर आणि जाळ जमिनीखालच्या बोगद्यांतून जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर, वर दगडी लाद्या, त्याच्यावर मातीचा लेप आणि तेल लावलेला कागद. म्हणजे एकाच जाळावर भात शिजतो आणि तीच ऊब रात्री पाठीला. चुलीजवळची जागा सगळ्यात गरम, तिला आरॅन्मोक म्हणतात, ती जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची किंवा आलेल्या पाहुण्याची. आणि घरातला माणूस कामावरून उशिरा येणार असेल तर त्याच्या भाताची वाटी झाकण घालून तिथेच पांघरुणाखाली ठेवायची, गरम राहायला. मी हे ऐकलं आणि माझी आजीच डोळ्यासमोर आली, आजोबांचं ताट चुलीच्या वैलावर झाकून ठेवायची ती.

चपला दाराशी काढायच्या, जमिनीवरच बसायचं, जमिनीवरच गादी घालून झोपायचं, त्यामुळे मला परकं असं वाटलंच नाही. माझे गुडघे इथे पावसाळ्यात जास्त कुरकुरतात, तिथे रात्री पाठ शेकत झोपून ते गप्प होते. आता बायकांसाठी सांगते: इथून नेलेलं खोबरेल बाटलीत दगड झालं, ते जमिनीवर आडवं ठेवलं की अर्ध्या तासात पाणी. इडलीचं पीठ! लेक म्हणायची हिवाळ्यात आंबतच नाही, मी पातेलं झाकून रात्री जमिनीवर ठेवलं, वर जुनं पांघरूण, सकाळी असं फुगून आलं की झाकण उचललेलं. विरजणही तसंच. नंतर कळलं की तिथल्या बायका शिजवलेलं सोयाबीन उग्र वास येईपर्यंत आंबवतात, चॉन्गुकजांग म्हणून, ते पूर्वापार ह्याच गरम जमिनीवर.

आणि किमजांग. मी पोचले तेव्हा तोच मोसम चालू होता, नोव्हेंबरअखेर. वरच्या मजल्यावर चार बायका मिळून कोबीच्या गड्ड्यांना तिखटाचं वाटण चोळत होत्या, अख्ख्या हिवाळ्याची किमची एकदम घालून ठेवायची, पूर्वी मडकी जमिनीत पुरायचे, आता किमचीचा वेगळा फ्रिज असतो. २०१३ मध्ये युनेस्कोने ही रीत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपण एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याची बेगमी करतो, पापड कुरडया सांडगी मिरच्या, वाड्यातल्या चार घरच्या बायका एकत्र येऊन, तेच की हे. त्यांचा बंद काळ हिवाळा, आपला पावसाळा. मला त्यांनी एक गड्डा दिला पण वाटणात मासळीचं खारवण असतं, मला चालतं म्हणून मी आवडीने खाल्ला. शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

भटकी_चप्पल

काकू, फार उपयोगी धागा. आम्ही पुण्याहून येत्या जानेवारीत जायचं म्हणतोय, मी, नवरा आणि सासूबाई, वय ६८, शुद्ध शाकाहारी. प्रश्न : १) सोलमध्ये बर्फ नक्की दिसेल का २) बूट कसले घ्यायचे ३) सासूबाई रस्त्यावर काय खाऊ शकतील

हाननदी

पहिल्याचं मी सांगतो. नक्की असं नाही. हिवाळा हा इथला कोरडा मोसम, वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस जुलै-ऑगस्टमध्येच पडून जातो. सोलमध्ये बर्फ पडतो, एक-दोन दिवस राहतो, रस्त्यांवर लगेच कॅल्शियम क्लोराइड टाकतात. २०१८ च्या फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिक झालं प्याँगचांगला, तिथे थंडी कडाक्याची होती तरी उतारांवर बराचसा बर्फ यंत्राने केलेला होता. पण बघायचाच असेल तर गांगवॉन प्रांतात जा, प्याँगचांगजवळ दॅग्वाल्ल्यॉन्गचं पठार आहे साधारण ८०० मीटरवर, मेंढ्यांची कुरणं आहेत, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत पांढरं मिळण्याची शक्यता सोलपेक्षा खूप जास्त. सोलहून गांगनुंगची केटीएक्स ट्रेन आहे, दोन तासांत समुद्र. मुलं बरोबर असती तर ह्वाचॉनला जानेवारीत गोठलेल्या नदीवर भोकं पाडून मासे धरतात ती जत्रा सुचवली असती. आणि ज्याला थंडीच सोसत नाही त्याने दक्षिणेच्या जेजू बेटावर जावं, खाली संत्री आणि कॅमेलियाची लाल फुलं, आणि वर १९४७ मीटरच्या हाल्लासान डोंगरावर बर्फ, एकाच दिवसात दोन्ही.

वाशिष्ठीकाठ

बुटांचं माझ्याकडून ऐका कारण मी पडलेय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बर्फ दिसत सुद्धा नव्हता, रस्ता नुसता ओला काळा वाटला. वितळलेलं पाणी रात्री परत गोठतं आणि काचेसारखा पातळ थर होतो, तो दिसत नाही. सावलीतल्या गल्लीत, उतारावर, पायऱ्यांवर हमखास. मनगटावर आले, हाड वाचलं, दहा दिवस पट्टा. तेव्हापासून लेकीने बुटांना रबरी पट्टीतले लोखंडी काटे घेऊन दिले, तिथे आयजन म्हणतात, स्वस्त असतात, बाजारात कुठेही. भटकी_चप्पल, सासूबाईंना ते घ्याच. आणि चालायचं पेंग्विनसारखं, पावलं छोटी, पाय सपाट टाकायचा, हात खिशात अजिबात नाही, हातमोजे म्हणूनच लागतात. बूट इथून विकत घेऊन जाऊ नका, इथल्या बुटांचे तळ त्या बर्फावर दगडासारखे कडक होतात, तिथेच घ्या, अर्धा नंबर मोठे, आत लोकरी मोजा मावेल असे. कपड्यांचंही तेच, एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत अंगाला चिकटून थर्मल, वर पातळ लोकरी, वर तो गुडघ्याखाली येणारा पॅडिंगचा कोट. रस्त्यावर सगळे तसलेच कोट, शाळेच्या पोरांपासून आजोबांपर्यंत. कान आणि मान झाकले की निम्मी थंडी गेली. बसस्टॉपवर बऱ्याच ठिकाणी गरम होणारी बाकं आहेत, सासूबाईंना सांगा बसा म्हणून, उठावंसं वाटत नाही.

खाण्याचं : भाजलेलं रताळं. कुनगोगुमा. लोखंडी पिंपात भाजतात, कागदात गुंडाळून देतात, फोडलं की आतून मधासारखं, आपल्या उपासाच्या रताळ्याचा थोरला भाऊ. सासूबाईंचा एकादशीला सुद्धा प्रश्न मिटला. मग होत्तॉक, ती आपली पुरणपोळीची चुलत बहीण म्हणा, कणिक नाही मैदाच असतो, आत गूळसाखर दालचिनी दाणे, तव्यावर दाबून तेलात. जपून खा, आतला पाक जीभ भाजतो. बुंगऑप्पांग दिसायला मासा पण आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, मासा नाही त्यात, फक्त पिठात अंडं असू शकतं तेवढं विचारा. काडीवरचं ऑमुक मात्र खरंच माशाचं, त्याचा गरम सूप कागदी पेल्यात देतात, तो त्यांनी घेऊ नये. २१ डिसेंबरला वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, दोंगजी, त्या दिवशी त्याच लाल दाण्यांची खीर पाट्जुक करतात, आत तांदळाच्या गोळ्या, लाल रंगाने वाईट बाहेर राहतं अशी समजूत. लेकीकडे हालमोनीने भांडं भरून आणून दिली. मी संक्रांतीला तिळगूळ करून तिच्या हातावर ठेवला, तीळ आणि गूळ थंडीत अंगाला ऊब देतात हे हातवाऱ्याने सांगायला पाच मिनिटं गेली, पण तिला कळलं, तिने डोकं हलवून आपल्या डब्यातले तिळाचे लाडवासारखे चौकोन आणून दाखवले.

पिठलंभात

काकू किल्ला राहिला की! सुवॉनचा किल्ला बर्फात पाहिलात का?

वाशिष्ठीकाठ

पाहिला म्हणजे काय, चार वेळा चालले. ह्वासॉन. राजा जॉन्गजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधून घेतला, बापाची आठवण जवळ ठेवायला आणि राजधानीच्या दक्षिणेला संरक्षण म्हणूनही, पावणेसहा किलोमीटरचा तट, शहर आजही त्याच्या आतबाहेर नांदतंय. आपण गडावर चढतो तो उन्हात घाम गाळत, इथे तटावर बर्फ आणि सगळीकडे नुसता करकर आवाज, बुटाखाली. थंडी जास्त असली की तो आवाज जास्त खणखणीत होतो, हे मला लेकीने दाखवलं. सात कमानींखालून ओढा जातो तो ह्वाहोंगमुन, ओढ्याचं पाणी कडेला गोठलेलं आणि मधे काळं वाहतं. तटाच्या दगडावर कुणीतरी बर्फाची बदकं रांगेत मांडलेली, चिमट्यासारखा साचा मिळतो, दाबला की बदक. चाळीसएक असतील. मी पण चार केली.

जानेवारीच्या सुरुवातीला टीव्हीवर सोलमध्ये आंदोलनासाठी रस्त्यावर रात्र काढणारी माणसं दाखवत होते, राजकारण मी बोलत नाही, पण चंदेरी कागदात गुंडाळून बसलेल्या त्या पोरींच्या डोक्यावर बर्फ साचलेला, आणि हलत नव्हत्या. ते चित्र जात नाही डोळ्यांसमोरून.

रोजनिशी

मी भाषा शिकतेय म्हणून एक भर. कोरियनमध्ये बर्फाला नुन आणि डोळ्यालाही नुन. दोन्ही लिहायला एकच. आणि बर्फाच्या जाती आहेत, मोठ्या पाकळ्यांचा तो हाम्बाकनुन, पिठासारखा तो गारुनुन, आणि बारीक टणक दाण्यांचा तो स्सारागीनुन, स्सारागी म्हणजे तांदळाची कणी.

वाशिष्ठीकाठ

कणी!! मग सॉल्लालच्या (कोरियन नववर्षाच्या) सुट्टीत २८ जानेवारीला कोटावर टपटप उडत होती ती कणीच. भात खाणाऱ्या माणसांनीच द्यावं असं नाव. आपल्याकडे पाहा, पावसाला भुरभुर, रिपरिप, सर, झड, हत्तीचा पाऊस, आणि पडणाऱ्या पांढऱ्याला आणि गोळ्याच्या तुकड्याला मिळून एकच बर्फ. हिम म्हणावं तर ते पुस्तकात.

भटकी_चप्पल

काकू, हाननदी, रोजनिशी, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या रताळ्यासाठी तरी यायचं. धागा वर ठेवते.

वाशिष्ठीकाठ

धागा पुन्हा वर काढतेय. आज १८ मार्च. इथे दुपारी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवत नाही, दारच्या हापूसला कैऱ्या धरल्यात, सकाळी सहालाच लेकीचा फोन, आई बर्फ पडतोय, मार्च अर्धा झाला तरी. तिला म्हटलं दाखवू नकोस, फोन खिडकीबाहेर धर. तिने धरला. पलीकडून काही ऐकू आलं नाही. मी ते ऐकत बसले, गॅसवरचा चहा उतू जाईपर्यंत.